डाव्या विंगेतून

भरमाण्णाचं पहिलं नाटक मागाच्या वहीत होतं.
पुढून साड्यांचा हिशेब, बीम, कांड्या, मजुरी;
वही उलटी धरली की पहिला अंक.
वडगावात माग थांबायचे रात्री नऊला,
मग शाळेच्या व्हरांड्यात तालीम, आणि आम्ही सगळे
पहिला अर्धा तास ओरडूनच बोलायचो.
कानातली खटखट जायला तेवढा वेळ लागतो.

मला भूमिका नव्हती. भरमाण्णाचं अक्षर
दोघांनाच लागायचं, मला आणि पोस्टमनला.
म्हणून मी विंगेत, डावीकडे, बॅटरी घेऊन.

नाटकात एक बोर्ड रंगवणारा होता.
दोन्ही लिप्या यायच्या त्याला, एकीवर दुसरी चढवायचा,
वर्षभरात खालची परत वर यायची
आणि लोक त्याचीच गचांडी धरायचे.
तिसऱ्या अंकात त्याला विचारतात, खालचं नाव कुणाचं?
तो बोलत नाही.
वहीत लिहिलेलं: गप्प. वीस आकडे.
आणि समासात, माझ्यासाठी:
रेणे, इथं तोंड उघडलंस तर बघ.

कोल्हापूरला, स्पर्धेत, मी मोजूलाले होते.
चौदाला मागून कोणी म्हणालं, विसरला वाटतं.
सोळाला मोनाप्पानं माझ्याकडं बघितलं, बुडणारा बघतो तसं.
मी बॅटरी विझवली.
लेखनाचं तिसरं बक्षीस. परीक्षकांचा शेरा:
भाषा अशुद्ध, पण प्रामाणिक.
त्या 'पण'वर भरमाण्णा
संकेश्वर येईपर्यंत कुणाशी बोलला नाही.

आता साडेसातला त्याची मालिका लागते.
नाव सरकत जातं, भरत सांबरेकर,
शिंक आली तर हुकतं.
तिथल्या मॅडमनी त्याला सांगितलं,
बायका कांदा चिरता चिरता ऐकतात, बघत नाहीत,
जे घडतं ते बोलून दाखवा.
म्हणून सासू दार उघडते आणि म्हणते, मी दार उघडलं.
तिथं कोणी 'येऊलालो' म्हणत नाही. सगळे येतायत.
आठशे भाग झाले.
त्यांचे चार माग विकायला काढलेले, ते राहिले,
बहिणीचं लग्न उरकलं.
नावं ठेवायला मी कोण?
माझी मजुरी त्याच मागांवर.

तरी ओठ हलतात. सवय.
कधी बोर्डवाल्याचं एखादं वाक्य
मधल्या जावेच्या तोंडी सापडतं,
आमच्या मागावर कधीच न विणलेली साडी नेसून.

काल सुनेनं विचारलं, आई, हे पत्र कुणाचं?
सासूनं चष्मा काढला. पुसला.
मी ढोलाची वाट बघितली,
तीन बाजूंनी चेहरा दाखवतात त्याची.
काही नाही.
वहिनी आतून ओरडली, करंट गेला काय गं?
मी नुसता हात वर केला.
नऊ. दहा. अकरा.

साडेदहाला फोन आला.
बघितलीस?
मोजले.
किती?
अकरा.
वीस लिहिले होते, म्हणाला, बारावर तह झाला होता.
मग त्याच्या बाजूनं काहीच येईना,
एक लिफ्ट बंद झाल्याचा आवाज तेवढा.
वाक्य मला माहीत होतं.
मी तोंड उघडलं नाही.