अर्धा र

मोती चौकाच्या मागच्या बोळात, जिन्याखाली माझं दुकान.
दोन कॉम्प्युटर आहेत.
एक नवा, पातळ, दर पंधरवड्याला स्वतःला सुधारून घेणारा.
एक जुना, पिवळा पडलेला. त्याला इंटरनेट दाखवत नाही,
दृष्ट लागते.

सत्तावीस वर्षं लग्नपत्रिका जुळवते मी.
खोटं कशाला बोलू, सुख दिलंय या यंत्रांनी.
पूर्वी एका वेलांटीसाठी
ब्लेडनं कागद कापून डिंकानं चिकटवायचे,
पंखा बंद ठेवून, श्वास धरून.
आता बोट टेकलं की वेलांटी.
आणि ती एक कळ, केलेलं न केलेलं करणारी!
संसारात कुणी बसवून दिली असती
तर मी तीनदा दाबली असती.
कधी, ते सांगणार नाही.

पण परवा सकाळी बघते तर छापायचं बटण जागेवर नाही.
कुणीतरी रात्रीतून माझं स्वयंपाकघर आवरून गेलंय
आणि मसाल्याचा डबा कुठं ठेवला
ते सांगायला थांबलेलं नाही.
विकत घेतलं होतं हे सॉफ्टवेअर, पावती आहे.
आता म्हणतं, दरमहा भरा.
माझ्याच घरात मी भाडेकरू.
फोनला तोंडी सांगितलं, कंदी पेढे दोन किलो.
त्यानं लिहिलं, कधी पडे दोन किलो.
मिठाईवाला अजून विचारतोय.

सोमवारी डुबल मास्तर आले, कऱ्हाडचे.
"शेवाळेबाई, पंचवीस वर्षं झाली लग्नाला.
तीच पत्रिका पुन्हा छापा. फक्त तारीख बदला."
नव्यावर जुनी फाईल उघडली.
पुष्पलताच्या जागी
डोक्यावर टिंबं-टोप्या घातलेली परकी पिलावळ.
बरं, नव्यानं टाइप करू म्हटलं.
गावाच्या नावाशी अडलं.
एकदा र पाय मोडून बाजूला पडला,
एकदा उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला.
तिसऱ्यांदा खाली लाल नागमोडी रेघ
आणि वर आगाऊ सूचना: कराड.

"राहू दे की तसंच," मी म्हटलं, "पाट्यांवर तसंच असतं."
मास्तर म्हणाले, "आमचा र आडवा लागतो, बाई.
कोयना कृष्णेला मिळते तिथं वाळूत बसलं की
माणूससुद्धा जरा आडवाच होतो."

मग जुन्यावरचं प्लॅस्टिक काढलं.
खाकरला, घरघरला, उठला.
तारीख विचारली तर एक जानेवारी,
साल आमच्या दोघांच्या लग्नाआधीचं;
त्याचा सेल कधीच गेलाय.
पण फाईल उघडली.
अख्खी.
कऱ्हाड, र आडवा, आरामात.
आणि अगदी वर, गणपतीखाली,
माझ्या हातची ठसठशीत चूक:
शूभविवाह.

पंचवीस वर्षं!
दीडशे घरांत वाटलेली, कुणी बोललं नाही.
"दुरुस्त करते हं," म्हणत मी कळीकडे हात नेला.
"अहो, नको," मास्तर घाईनं उठलेच.
"घरात भांडण वाढलं की ही म्हणते,
सुरुवातीलाच दीर्घ झालं होतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं.
आणि मग हसते. ते काढू नका."

जुन्याला जुनाच प्रिंटर ओळखतो.
तो करकरत असताना
बाईंना दाखवायला मी पडद्याचा फोटो काढला फोननं.
फोन हुशार, अक्षरं वाचता येतात त्याला.
लगेच विचारलं,
मजकुरात एक चूक आढळली, दुरुस्त करू का?
"कधीच नको" असा पर्याय त्यात नव्हता.
"आत्ता नको" होता.
तो दाबला.