दूरदृश्य प्रणाली

बेलापूर कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम दोन वाक्यांचं आहे.
पहिलं : ऐकू येतंय का?
दुसरं : आता येतंय का?
कंत्राटी आहे मी. ओळखपत्र कंपनीचं,
दोरी तेवढी माझी.

अकरा वाजता तळोजा जेल जोडून द्यायचं,
पडद्यावर एक भिंत उगवते, अर्धी पिवळी,
मग भिंतीपुढे एकेक माणूस येऊन उभा राहतो,
आणि रोजनाम्यात लिहितात :
आरोपी दूरदृश्य प्रणालीद्वारे हजर.

आधी गाडी यायची. जाळीची, निळी.
तेव्हाचे रोजनामे मी चाळलेत फावल्या वेळात :
आरोपी हजर नाही, गार्ड उपलब्ध नाही.
आरोपी हजर नाही, गाडी नादुरुस्त.
आरोपी हजर नाही, गणपती बंदोबस्त.
एकट्या वसराम राठोडच्या अकरा तारखा
अशा डिझेलवाचून वाळल्या.
आता तो दर चौदा दिवसांनी
न चुकता येतो, न येता.
हे चांगलं झालं. शपथेवर सांगेन.

त्याची आई जमकीबाई. तुर्भे स्टोअरहून दोन बस बदलून येते.
पहिल्या दिवशी तिनं डब्याकडं बोट केलं :
"ह्याच्यात हाय का त्यो?"
एक पडदा साहेबांकडं तोंड करून, एक वकिलांकडं.
मागच्या बाकाला पडद्याची पाठ मिळते :
वायरी, धुळीची जाळी,
आणि जडवस्तू नोंदवहीचा पांढऱ्या रंगातला नंबर.
त्या नंबराकडं ती
वीस मिनिटं बघत बसली.

नंतर जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली,
गाडी यायची तवा जिन्यापासून दारापतोर
एकुणीस पावलं त्यो माझा असायचा.
हवालदार बुटाची नाडी बांधाया वाकायचा,
लई येळ वाकायचा बिचारा.
तेवढ्यात भाकरीत गुंडाळलेली तिळाची चटणी...
पुढचं बोलली नाही.
एकोणीस पावलांची सोय
निविदेत कुठंच नव्हती. मी वाचलीय निविदा.

पुढच्या तारखेला मी वकिलांचा पडदा
चार बोटं वळवला.
"ट्यूबलाइटची चमक पडते, साहेब."
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. हं, म्हणाले.
हं म्हणजे काय, हे कोर्टात
कुणीच कुणाला विचारत नाही.

मग वसराम आला. भिंतीपुढं. केस बारीक कापलेले.
साहेबांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं.
वकील आहे का? आहे.
काही तक्रार? त्यानं मान हलवायला सुरुवात केली,
आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं.

चेहरा थांबला.
डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित उघडे,
एखादा शब्द दाराशी येऊन अडावा तसे.
आमच्या भाषेतला नव्हता तो शब्द.
त्यांच्याकडं आईला याडी म्हणतात, एवढं मला ठाऊक आहे.

साहेब खाली मान घालून पुढली तारीख लिहीत होते.
वकील दुसऱ्या फायलीत शिरले होते.
बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.
पुन्हा जोडायला पाच सेकंद लागतात.

जमकीबाई बाकावरून उठली,
दोन पावलं पुढं आली, थांबली.
पदर हातात तसाच.
हनुवटीवरचा नवा व्रण तिनं पाहिला असणार,
उजवा कान, गळ्याजवळची सुटलेली गुंडी.
तांदूळ निवडावे तसं
एकेक करून बघत होती.
इकडं ना कुणी पुकारत होतं तिला,
ना कुणी म्हणत होतं, चला मावशी, व्हा बाजूला.

चाळीस सेकंद.

संध्याकाळी नोंदवही भरली.
खंडित कालावधी : चाळीस सेकंद.
ठिकाण : तळोजा–बेलापूर.
कारण : निरंक.

पायऱ्यांवर ती माझ्यासाठी थांबली होती.
इकडंतिकडं बघत, हलक्या आवाजात म्हणाली,
"बाळा, पुढल्या टायमाला बी
बिघडंल का रं त्ये?"

मी काही बोललो नाही.
ऐकू येत होतं मला.
स्वच्छ येत होतं.