पान एकशे तेरा

दुपारी दोनला वकील कोठेकरांचा फोन:
"मॅडम, ओळख पटवायला यावं लागेल."
कुणाची?
"पुस्तकाची. तुमच्याच."

नंदनवनच्या त्या गल्लीत
अंगाला अंग लावून बसलेल्या अभ्यासिका,
त्यांच्या मधोमध खेमराज शेंदऱ्याचं झेरॉक्स.
कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता पंखा खडखडत होता.
टेबलावर माझं व्याकरण. स्पायरलच्या चाळीस प्रती.
मूळ किंमत तीनशे ऐंशी, इथे नव्वद.
माझ्या नावावरून आडवा गेलेला
कुठल्याशा चॅनलचा शिक्का,
सदस्य एकतीस हजार.

माझी सातशेची आवृत्ती
चार वर्षं झाली, अजून संपते आहे.
मागच्या मार्चला मानधन आलं, दोन हजार तीनशे,
त्यात कूलरची मोटर बदलली.
राग आला मला. तो खोटा नव्हता.

"मी कुठं छापून राहिलो मॅडम," खेमराज म्हणाला,
"पोरं मोबाइलमधून आणतात, मी फक्त कागद घालतो."
कोठेकर म्हणाले, चॅनल सकाळी बंद पाडलं,
जेवणाच्या आत तेच नाव, पुढे दोनचा आकडा लावून, परत सुरू.
हवालदार घाम पुसत लिहीत होते:
सदर प्रती छापण्यात आल्या,
विक्रीस ठेवण्यात आल्या,
पंचांसमक्ष जप्त करण्यात आल्या.
वीस वर्षं शिकवतेय मी हा प्रयोग.
यात कर्ता विचारायचा नसतो,
वाक्य त्याच्यावाचून पुरं होतं.

"नीट पाहून सांगा, तुमचंच ना?"
पानं उलटत गेले.
एकशे तेरावर थांबले.
तिथे मी पंचवटी द्वंद्वात घातली होती
(मी की प्रूफ तपासणाऱ्यानं, आता कुणाला विचारू).
प्रकाशकाला दोन पत्रं लिहून झाली:
पुढच्या आवृत्तीत बघू.
इथे द्वंद्वावर बारीक रेघ,
शेजारी पेनानं: द्विगू.
त्याखाली, आणखी बारीक:
मॅडमची चूक नसावी, छपाईची असेल.

दुसरी प्रत उघडली. तिसरी. नववी.
तीच रेघ, तेच अक्षर.
एकतीस हजार मोबाइलांतही तेच असणार.
म्हणजे विकत घेतलं त्यांच्याकडे चूक,
आणि फुकट्यांकडे बरोबर.

"हे कोणी केलं?"
"डिलेश्वर रहांगडाले. आमगावचा पोरगा.
स्कॅन त्यानंच केलं होतं, दुकान बंद झाल्यावर, एकेक पान.
चूक दिसली की झोपच नाही लागायची त्याले."
कुठे असतो?
"गेला जी. तलाठी लागला."

टिमकीत आमच्या हातमागावर
बाबांनी एक किनार काढली होती, कोंबड्याच्या तुऱ्याची.
एका पोळ्याला ती बाजारात दिसली,
मशीनवरची, निम्म्या भावात, जिकडेतिकडे.
आई जेवली नाही.
बाबा तुटलेल्या धाग्याला गाठ मारता मारता म्हणाले,
"चालली बाप्पा, किनार चालली."
चालली म्हणजे खपली, की हातची गेली?
पुस्तकात हे उदाहरण घ्यायचं मी टाळलं.
पुढल्या वर्षी माग विकला.

"मॅडम, सही."
मी म्हटलं, लिहा, पुस्तक माझं आहे.
माझ्या परवानगीवाचून छापलंय, तेही लिहा.
आणि लिहा,
एकशे तेरावरचा एक शब्द माझा नाही.
हवालदारांचं पेन थांबलं.
"मग तो कुणाचा लिहू?"
कोठेकरांनी घड्याळ पाहिलं.
खेमराज माझ्याकडे बघत राहिला,
नाव त्याच्याही ओठावर होतं.
मी काही बोलले नाही.

हवालदारांनी जरा विचार केला,
मग लिहिलं, एका दमात:
पान क्रमांक ११३ वर
एक शब्द दुरुस्त करण्यात आला.

मी सही केली.
पूर्ण नावानं.