पिशवी क्रमांक चौदा

साठ पिशव्या शिवल्या मी, मच्छरदाणी कापून,
प्रत्येकीत दहा ग्रॅम सुया, चीडाच्या.
कुणा साहेबाने कधीकाळी तोरणमाळवर लावून पाहिलेली
अकरा झाडं. उरलेल्या सातांखालून वेचलेल्या.

वीस त्यांच्याच पायाशी पुरल्या,
वीस सागाखाली, वीस तळ्याकडच्या आंब्यांत.
गुलसिंग पावरा बोटभर खड्डे करत विचारायचा,
‘सर, यातून काय उगवणार?’
उगवणार नाही रे, कुजणार.
‘मग त्याला पिशवी कशाला?’

सागाचं पान मोकळ्या मनाचं,
एका पावसाळ्यात जाळी होऊन जातं.
सुई पडते तीच अंगावर मेण घेऊन,
आत राळ, लाकडाचा हट्ट,
आणि नत्र म्हणाल तर चिमूटभर.
इथल्या बुरशीला तिची चव ठाऊक नाही.
गोम येते, थांबते,
वळसा घालून निघून जाते.

होळीनंतर पठार भाजत गेलं.
ओल सरली की कुजणंही थांबतं
हे मी वाचलं होतं. आता सुयांच्या रंगात पाहिलं:
चार महिने तोच, जुन्या पितळेचा.

तीन पिशव्या वाळवीने नेल्या.
एक गुलसिंगच्या पोरीने, त्यात हरभरा भिजत घातला,
छान मोड आले म्हणे.

उरलेल्या धुळ्याला आणून
पासष्ट अंशांवर वाळवायच्या.
मे महिना, वीज गेलेली,
प्रयोगशाळेतल्या सुभद्राताई म्हणाल्या,
‘ओटावर ठेवी दे ना भाऊ, एकच शे!’

मग काटा. नऊ पूर्णांक एक.
आठ पूर्णांक सहा. आठ पूर्णांक चार.
चौदा नंबर: अकरा पूर्णांक दोन.

पुन्हा तोलली. तेवढीच.
मॅडम म्हणाल्या, माती शिरली असेल, वगळ.
वगळली. तक्त्यात तिच्या जागी
एक आडवी रेघ.

रात्री चिमट्याने शिवण उसवली.
आत पांढरे धागे,
एका सुईतून निघून दुसरीत शिरलेले,
कुणाला तरी अंधारात
पहिल्याच खेपेला ओवता आलेले.
गवताचं एक केसाएवढं मूळ.
सुई कुठे संपते नि माती कुठून, सांगता येईना.

सकाळी फोन लावला,
गुलसिंग, चौदा नंबर नेमकी कुठे होती?
‘ती ना? आंब्याखाली, कडेची.
दुपारची ढोरं बसतात तिथं, सर.
तुम्ही विचारलंच नाही.’