एकेचाळीस फोटो

दाइवाच्या हातांना हॅडॉक माशाचा वास येतो.
माझ्याही येतो. ग्रिम्सबीतल्या निम्म्या बसलाच येतो.
म्हणून कोर्टाच्या तारखेला सकाळी
तिनं अख्खं लिंबू बोटांवर झिजवलं
आणि म्हणाली, हुंगून बघ.
मी हुंगलं.
खोटं सांगितलं.

पाचशे पंच्याहत्तर पौंड.
ऑल्डरसननं ते रोख मोजून घेतले होते
अंगठ्याला थुंकी लावून, खिडकीच्या कट्ट्यावर,
आणि म्हणाला होता, ही नुसती अनामत,
तुझेच आहेत गं.
पावती म्हणून गॅसच्या बिलाच्या पाठीवर सही.
सही कसली, गांडूळ.

आपले पैसे आपलेच आहेत
हे दुसऱ्यानं सांगावं लागलं
तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं ती आता म्हणते.
तेव्हा बाहेर टॅक्सीचं मीटर पडत होतं,
आत दोन पिशव्या होत्या
आणि झोपलेला टोमास.

ठेव म्हणून ठेवली,
त्यानं ठेवूनच घेतली.

घर सोडलं तेव्हा यादी आली.
गालिचा, एकशे चाळीस.
ओव्हनचा चिकटा, साठ.
भिंतीत खिळ्याचं एक भोक, पंचवीस.
किल्ली अकरा मिनिटं उशिरा, चाळीस.
रंग, एकशे तीस.
मागच्या खोलीतली बुरशी, दोनशे दहा,
जशी काही तिनंच ती लिथुएनियाहून
बरणीत घालून विरजणासारखी आणली होती.
बेरीज सहाशे पाच.
म्हणजे उलट तीच तीस पौंड लागत होती.
ते मी सोडून देतो, असं खाली लिहिलं होतं.
मोठ्या मनाचा माणूस.

फोटो तिच्याकडे होते, अगदी पहिल्या दिवसाचे.
पुराव्यासाठी काढलेले नव्हेत,
पानेवेझिसच्या मावशीला घर दाखवायला काढलेले.
आणि गंमत अशी, की बुरशी येऊ नये म्हणून
तेव्हा ती किती धडपडली होती:
कधी पडदा ओढून, कधी गुडघ्यावर बसून,
कधी टोमासलाच त्या कोपऱ्यापुढं उभं करून.
तरी कोपरा डोकावतोच मागून.
वाचनालयात वीस पेन्सला एक, असे
एकेचाळीस छापून घेतले,
प्लास्टिकच्या फायलीत, तारखेवार.
रात्रपाळीच्या सुट्टीत ती मला पाठ म्हणून दाखवायची,
हा न्हाणीघराचा, हा नळाखालचा,
हा बघ, हा.

न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती.
त्यांनी भिंतीचं काही विचारलं नाही.
गालिच्याचं नाही, खिळ्याचं नाही.
ऑल्डरसनला एवढंच विचारलं,
पैसे कुठल्या योजनेत भरले होते, आणि कधी?
माझ्याकडे सुरक्षित होते, तो म्हणाला.
तुमच्याकडे म्हणजे कुठे?
तो खिडकीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, छपराला लागले. माझ्या.
बाईंनी नाक पुसलं आणि लिहायला घेतलं.
अनामत पूर्ण परत,
वर तेवढाच दंड.

दाइवा खुर्चीतून उठेना.
फाईल मांडीवरच होती, बंद,
वर दोन्ही तळहात.
झालं, मी म्हटलं, जिंकलीस.
हो, ती म्हणाली,
पण त्यांनी बघितले नाहीत.

बसथांब्यावर वारा सुटला होता, समुद्राकडचा.
तिनं फाईल उघडली
आणि मी एकेक फोटो बघितला,
कडेला धरून, उडू नये म्हणून.
आमची बस आली, दार उघडून थांबली, गेली.
पुढचीही गेली.
नवव्या फोटोत टोमास, डोळे बारीक केलेला,
आणि त्याच्या कानामागून छतापर्यंत
काळं, ओलं, दाट.
दिसतंय ना, तिनं विचारलं.

दिसतंय, मी म्हटलं.
चांगलं दिसतंय.