पेव

हरिपूरच्या घाटाखालून आणलेलं बाटलीभर पाणी.
बाटलीवर आफरीन मुजावरच्या तिरक्या अक्षरात
तारीख, वेळ आणि "उसाच्या ओढ्याजवळ".
त्या ओढ्यातनं युरिया उतरतो नदीत,
म्हणून तिथलं शेवाळ गलेलठ्ठ,
एकाचे दोन, दोनाचे चार,
आणि आत साठा म्हणावा तर नाहीच.
भरल्या ताटावर बसलेला
शिदोरी कशाला बांधेल?

मी भूपाल चौगुले, प्रयोगशाळा परिचर.
काचेची भांडी विसळण्यात तीस वर्षं गेली.
पोरीने बारा चंबूंत नायट्रेट घातलंच नाही.
उजेड दिला, हवा दिली, बाकीचे क्षार दिले.
म्हटलं, उपाशी मारतेस काय गं?
म्हणाली, मामा, बघा तर.

तिसऱ्या दिवशी वाढ थांबली.
पेशी दुभंगेनात,
पण उजेड खायचं काही सोडेनात.
खोल्या वाढवता येत नाहीत म्हटल्यावर
आलेलं सगळं माळ्यावर.
काचपट्टीवर आयोडीनचा थेंब टाकला
तर एकेक पेशी जांभळी-काळी.
स्टार्च.

मग तेल.
तिने कसलासा रंग घातला, दिवे घालवले,
मला दुर्बिणीशी बसवलं.
आमटीवरच्या तवंगाचे थेंब,
फक्त पेटलेले.

चंबू मात्र पिवळे पडत चालले.
हरितद्रव्यात नायट्रोजन असतो,
तोच काढून वापरतात, ती म्हणाली.
म्हणजे अंगावरचं मोडून.
सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डातल्या
हमालांच्या पाठी असतात, तसला पिवळा.

माझे वडील हरिपूरला पेवं उघडायचे.
जमिनीच्या पोटात पुरलेला रांजणच तो,
तोंड एवढंसं, आत पोत्यांवर पोती हळद.
तोंडावरची माती काढून
ते लगेच उतरायचे नाहीत.
दोरीने कंदील सोडायचे.
विझला तर बिडी ओढत बसायचे, लांब.
साठवलेलं असतं तिथली हवा वेगळी असते,
एवढंच सांगायचे.
पुरात पेवं गेली. त्याआधी वडील.

शनिवारी रात्री गेलेली वीज
सोमवारी सकाळी आली.
आयोडीन टाकलं, तपकिरीच राहिलं.
पुन्हा टाकलं.
दोन रात्री आणि मधल्या बंद खिडक्यांच्या रविवारात
स्टार्च खाऊन मोकळी झाली होती सगळी.
तेलाला हात लावला नव्हता.
आफरीनने वहीत लिहिलं, खोडलं,
खोडलेलंच परत लिहिलं.
"चुकलं नाही मामा, कळलं,"
म्हणाली, पण घसा बसलेला.

बारावा चंबू तिने ओतून टाकायला दिला.
नाही ओतला.
नायट्रेटची बरणी खालच्या फळीवर असते.
चमच्याच्या टोकावर बसेल एवढं टाकलं
आणि चंबू खिडकीत ठेवला, पडद्यामागे.
वहीत नोंद नाही.

शुक्रवारी तिनेच पडदा सारला.
पिवळ्यात कुठेतरी, काचेच्या कडेने,
हिरवं.
माझ्याकडे बघितलं नाही तिने.
बोळा काढायला हात पुढे केला,
आणि माझ्या तोंडून गेलं,
थांब जरा.