शेवटची शंभर पावलं

सेकंड शिफ्ट सुटते साडेअकराला.
त्रिमूर्ती चौकापर्यंत मी गाडीवर येतो,
पुढे आमच्या वळणावर बंद करतो
आणि ढकलत नेतो घरापर्यंत.
लोकांना वाटतं पेट्रोल संपलं.
गांगुर्डे काकांनी दोनदा बाटली आणून दिली.

मटकीला माझ्या गाडीचा आवाज कळतो.
कळला की उठणार, दारावर पंजे, गिरक्यांवर गिरक्या,
आणि डॉक्टर निकुंभांनी सांगितलंय,
तिला आनंद होऊ देऊ नका.
असंच म्हणाले.
मग चष्मा पुसत : म्हणजे, फार नको.

त्यांनी काचेवर तिच्या रक्ताचा थेंब घेतला,
मला डोळा लावायला लावला.
काहीतरी वळवळत होतं, तांबड्या पेशींना ढुशा देत.
ही पिल्लं. मोठे आत आहेत,
हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळीत,
शिजवलेल्या शेवयांसारखे.
आणले कुणी? डासानं.
नासर्डीच्या काठचा असेल एखादा.
त्याच रात्री मलाही चावला असेल,
मी खाजवलं आणि कूस बदलली.

बारा वर्षं मशीनवर आहे.
कूलंटच्या पंपात चुरा अडकला
की मेन स्विच पाडायचा, पंप खोलायचा, हवा मारायची.
हा पंप पाडता येत नाही.
आणि सगळे एकदम मारावेत, तर
मेलेल्यांचे तुकडे फुफ्फुसात जाऊन बसतात.
ते खास इंजेक्शन इकडे मिळतही नाही.
म्हणून हळू.
महिनाभर सकाळ-संध्याकाळ एक गोळी,
दर पाच तारखेला दुसरी, तूप लावलेल्या भाकरीत.
ती भाकरी खाते. गोळी फरशीवर ठेवते.
पुन्हा पहिल्यापासून.

किती दिवस? वर्ष. दीडही.

जिन्याला फळी ठोकलीय, चेंडू माळ्यावर.
रात्री खोकते, कोरडं,
रिकामं पातेलं कुणी ओढावं तसं.
सुनंदा उठून बसते, काही बोलत नाही.
बोलली असती तर बरं.
ही पाच तारखेची गोळी
आधीही मिळत होती, होऊच नये म्हणून.
बघू पुढच्या पगाराला, म्हणालो होतो मी.
दोन पावसाळे म्हणालो.

आज कुलूप न वाजवता उघडलं.
ती जागीच होती.
उठली नाही. पडल्यापडल्या शेपटी एकदाच
फरशीवर : टप्.
मी डबा हातात धरून उभा,
हाक मारली नाही.
दोघंही डॉक्टरांचं ऐकत होतो.